कात्री न लागणारी बाग



मागच्या रविवारी आमच्या मंदिराची बैठक झाली. चातुर्मास जवळ आला, आवाराचं सुशोभीकरण करायचं, असा विषय होता. एका उत्साही तरुणाने मोबाइलवर फोटो दाखवले. मधे हिरवळ, दोन्ही बाजूंना फूटपट्टीने आखल्यासारखं ड्युरांटाचं सोनेरी कुंपण आणि कोपऱ्याकोपऱ्यात फायकसचे कातरलेले गोल गोळे. सगळ्यांना आवडलं. मी म्हटलं, "दिसायला छान आहे, पण जी झुडपं आपणहून बुटकी राहतात ती लावू या. दर पंधरा दिवसांनी कात्री चालवावी लागेल अशी नकोत."

क्षणभर कोणीच बोललं नाही. मग एक ज्येष्ठ भाऊ हसत म्हणाले, "काकू, आता झाडांची दाढीसुद्धा करायची नाही का?"

सगळे हसले, मीही हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. तिथे दोन मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. २०१२ मध्ये आम्ही यवतमाळला घर बांधलं, तेव्हा समोर चाळीस फुटांचं ड्युरांटाचं कुंपण लावलं. तेव्हा सगळेच लावत होते. रोप स्वस्त, वाढतं भराभर आणि कापलं की दाट होतं. दहा वर्षं ते मी नेमाने कापून घेतलं. २०२२ च्या आषाढात महाराजांचा संघ गावात येणार होता. आमच्याकडे चौका लागणार होता. पडगाहनाला दारात उभं राहायचं, तर घराचा दर्शनी भाग नीट हवा, म्हणून आदल्या दिवशी मी माळीदादांना बोलावलं. ते म्हणाले, "काकू, पाऊस चालू हाय, दोन-चार दिवस थांबलं तं चालन." मीच म्हटलं, "नाही, आजच करा. आणि लाइन सरळ पाहिजे."

मशीन चाललं. थोड्या वेळाने ते थांबलं आणि दादांनी मला हाक मारली. कुंपणाच्या आत, वरून टीचभर खाली, बुलबुलाचं घरटं होतं. दोन पिल्लं होती. एक गेलं होतं. दुसरं चोच उघडून बसलं होतं. त्याला वाटलं असेल, आईच आली.

दुसऱ्या दिवशी मी पडगाहनाला उभी राहिले नाही. अहिंसा महाव्रत पाळणाऱ्या साधूंच्या स्वागताला मी पंचेंद्रिय जीवाचा घात करून दार सजवलं होतं. दादांना दोष देऊन सुटका नव्हती. ते थांबा म्हणत होते, घाई माझी होती. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द लहानपणापासून ऐकत आलो आपण. त्यातल्या 'कारित'चा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढे एका माताजींपुढे मी हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. एवढंच विचारलं, "कापायचं कारण काय होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. रस्ता अडत नव्हता, अंधार पडत नव्हता. कारण एवढंच होतं, की रेष सरळ दिसावी.

आपण गृहस्थ आहोत. स्वयंपाक, झाडलोट, घर बांधणं, शेती यांत आरंभी आणि उद्योगी हिंसा होतेच. ती पूर्ण टाळता येत नाही, म्हणूनच संकल्पी हिंसेचा त्याग आणि बाकीच्यांत विवेक असा मार्ग आपल्याला सांगितला आहे. पण आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गुणव्रतांमध्ये अनर्थदंडाचा विचार केला आहे. त्याचे पाच प्रकार ते सांगतात: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रमादचर्येत काय येतं ते एकदा काढून पाहा. निष्कारण जमीन खणणं, निष्कारण पाणी सांडणं, विस्तव पेटवणं आणि निष्कारण वनस्पती तोडणं. घराच्या बागेबद्दल याहून नेमकं कोणी काय सांगायचं? बाग करू नका असं तिथे म्हटलेलं नाही. 'निष्कारण' या शब्दावर सगळा भर आहे. गोडलिंबाची डहाळी फोडणीसाठी तोडणं वेगळं आणि चाळीस फूट कोवळी पालवी दर पंधरवड्याला नुसती सरळ दिसावी म्हणून छाटणं वेगळं.

मी १९८१ ची बी.कॉम. आहे. आमच्या वेळी यवतमाळची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. नोकरी केली नाही, पण जमाखर्चाची सवय गेली नाही. त्या दिवसानंतर मी कुंपणाचा हिशोब मांडला.

पहिली बाजू कापणीची. पावसाळ्याचे चार महिने महिन्यातून दोनदा, बाकीचे आठ महिने एकदा. वर्षाला सोळा कापण्या. शेवटी शेवटी एका खेपेला पाचशे रुपये द्यायचे, म्हणजे वर्षाला आठ हजार. दहा वर्षांत एकशे साठ वेळा आम्ही त्या झुडपाला जे व्हायचं होतं ते होऊ दिलं नाही. ही उंच वाढणारी जात आहे. तिला गुडघाभर ठेवायचं म्हणजे जन्मभर तिच्याशी भांडायचं.

दुसरी बाजू पाण्याची. कापलं की झाड नवी पालवी काढतं आणि कोवळ्या पालवीला पाणी जास्त लागतं. हिरवळीचं तर विचारूच नका. आपल्याकडच्या वैशाखात ती जिवंत ठेवायची, तर चौरस मीटरला रोज निदान पाच लिटर पाणी धरा. मंदिरासमोर पन्नास चौरस मीटर हिरवळ ठरली आहे. म्हणजे रोजचे अडीचशे लिटर, महिन्याचे साडेसात हजार. २०१८ चा उन्हाळा आठवतो ना? निळोणा आणि चापडोह आटले होते. नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला की बायका मध्यरात्री गुंड घेऊन धावत होत्या. माझ्या सासूबाई पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडायच्या, तीही अलगद. एका गुंडातल्या जीवांची एवढी काळजी घेणाऱ्या घरातल्या आपण, आणि पिण्याजोगं पाणी गवतावर ओतायचं?

हिरवळीबद्दल आणखी एक गोष्ट बैठकीत कुणाच्या लक्षातच आली नाही. आपले साधू ईर्यासमिती पाळतात. चार हात पुढची जमीन पाहून चालतात आणि हिरव्या गवतावर पाय ठेवत नाहीत. चातुर्मासासाठी आवार सजवायचं आणि त्यात अशी हिरवळ करायची, की ज्यांच्यासाठी सजवलं त्यांनाच बाजूने जावं लागेल!

तिसरी बाजू विषाची. माझ्या मते हीच सगळ्यांत जड आहे. एकाच जातीची झुडपं खेटून लावली आणि सारखी कापत राहिलं, की आत हवा खेळत नाही. पांढरा ढेकण्या आणि पांढरी माशी येते. मग कुणी तरी सुचवतं, एक फवारणी मारून घ्या. आमच्याकडेही एकदा माळीदादांचा पुतण्या पंप घेऊन आला. विशीतला मुलगा, अंगात बनियन, तोंडाला काही नाही.

मैत्रिणींनो, आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या आहोत. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण आजारी पडले. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा त्यांनीच भरल्या होत्या. कित्येकांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता, पीक वाचवायचं होतं. आपल्यापुढे कोणता प्रश्न आहे? कुंपण पिवळं दिसावं हा? दुसऱ्याच्या हाती कुऱ्हाड, कुदळ, विष देणं याला आपल्याकडे हिंसादान म्हणतात. त्या मुलाच्या हातात पंप देताना आपण नेमकं तेच करतो, आणि त्यात पहिला घात त्या मुलाचाच होतो. मी त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्या दिवसाची मजुरी मात्र दिली. त्याचा दिवस मी फुकट घालवला होता.

आता कुणी म्हणेल, मग अंगण उजाड ठेवायचं का? मुळीच नाही. बाराही महिने हिरवी राहणारी, मुळातच आटोपशीर किंवा कात्रीवाचून शोभणारी झुडपं आपल्याकडे आहेत. मी तीन-चार वर्षांत लावून पाहिली, त्यातून सांगते.

बुटकी तगर माझी सगळ्यांत आवडती. दोन-तीन फुटांवर आपणहून थांबते, पान गडद आणि चकचकीत. पांढरी चांदणीसारखी फुलं जवळजवळ वर्षभर येतात. अर्ध्या सावलीतही चालते. फक्त तिला चीक असतो, लहान मुलांनी पानं तोडून डोळ्यांना हात लावू नये.

कुंती, जिला नर्सरीत कामिनी म्हणतात, ती पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांत पांढऱ्या फुलांनी भरते. वास असा, की शेजारीण विचारायला येते. मोकळी सोडली तर पुरुषभर उंच होते, म्हणून ती खिडकीखाली लावू नका. कोपऱ्यात किंवा भिंतीच्या मोकळ्या बाजूला लावा, आणि मग तिला तिच्या मनासारखं वाढू द्या. बुटकी जातही मिळते, ती कुंडीला चांगली.

अडुळसा आपल्या आज्यांच्या अंगणात असायचाच. शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं, खोकल्याच्या काढ्याला पान हाताशी. याला कुणी 'लँडस्केप' म्हणत नाही, पण पांढऱ्या फुलांचे तुरे आले की बघत राहावं.

मागच्या कुंपणाला करवंद. सदाहरित, काटेरी, दुष्काळातही तग धरणारं. जनावर आत येत नाही आणि लोणच्याला करवंदं मिळतात. वाटेच्या कडेला मात्र नको, साड्या फाटतात. अगदी मुरमाड, कोरड्या जागी जखमी नावाचं झुडूप लावा. फारसं कौतुक मागत नाही आणि मरतही नाही.

एक्झोरा सुंदर आणि बुटका, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो रोग नसतो, मातीतलं लोह त्याला मिळत नाही म्हणून तसं होतं. कुंडीत भरपूर शेणखत घालून लावला तर खुश राहतो.

काय लावू नये, तेही सांगते. कण्हेर सगळीच विषारी, घरात नातवंडं असतील तर दारात नको. ड्युरांटाची नारिंगी फळंही मुलांच्या पोटात जाता कामा नयेत. घाणेरीने आपल्या जिल्ह्याची जंगलं आधीच व्यापली आहेत. आणि हल्ली सगळीकडे दिसणारा कोनोकार्पस तर नकोच. परागकणांचा त्रास आणि नळ-गटारांत शिरणारी मुळं यांमुळे गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

सगळं कुंपण एकाच जातीचं करू नका, हे आवर्जून सांगते. युरोपात बॉक्सवुड नावाच्या बुटक्या सदाहरित झुडपाच्या सरळ रेषा शतकानुशतकं कातरत आले. २००७ च्या सुमारास पूर्व आशियातून एक पतंग तिथे पोहोचला आणि त्याच्या अळ्यांनी बागाच्या बागा खाऊन टाकल्या. सगळं एकच होतं ना! चार जातींची झुडपं असली, तर एकीवर संकट आलं तरी तीन उरतात आणि फवारणीचा विषय निघत नाही.

लावण्याची रीत सोपी आहे. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा, म्हणजे हाताने पाणी घालावं लागत नाही. आपली काळी जमीन पावसात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खड्ड्यात माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचावर ठेवा. बुटक्या झुडपांत अडीच फूट, मोठ्यांत चार-पाच फूट अंतर सोडा. पहिलं वर्ष विरळ दिसतं, लोक हसतात, हसू द्या. पूर्ण वाढल्यावर ते किती होणार हे नर्सरीत विचारूनच जागा ठरवा. माझ्या मते बागकामातली निम्मी हिंसा इथेच टळते. पालापाचोळा जाळू नका, बुंध्याशी पसरा. ओल टिकते, पाणी निम्म्यावर येतं.

आता आक्षेपांकडे वळते. "कापल्याने झाड दाट होतं, त्याला त्रास नाही," असं म्हणतात. आचारांगात वनस्पतीची तुलना माणसाच्या देहाशी केली आहे. ती जन्मते, वाढते, तोडली की कोमेजते. एकेंद्रिय जीवाला तोंड नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण "त्रास नाही" म्हणणं मला पटत नाही.

"मोकळ्या झुडपांत साप येतात," हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि आपल्या भागात तो हसण्यावारी नेऊ नये. त्यासाठी भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर ठेवा आणि जमिनीलगतच्या फांद्या वीतभर मोकळ्या करा, म्हणजे बुंध्याखालचं दिसतं. हे कापणं सकारण आहे. वाटेवर आलेली, वीजतारेला लागलेली फांदी काढणंही सकारण आहे. माझा आग्रह एवढाच, की हे काम वर्षातून एकदा, दिवाळीनंतर करावं, तेव्हा घरटी सहसा नसतात. आणि आधी हाताने फांद्या बाजूला करून आत पाहावं. मशीन नको, हातकात्री बरी. ती हळू चालते, थांबता येतं.

"मग माळ्याची रोजी बुडेल," असंही एकीने विचारलं. आमचे माळीदादा अजून येतात. खत घालतात, आळी करतात, रोपं तयार करतात. पैसे तेवढेच देते. त्यांनाही तो दिवस विसरता आलेला नाही.

त्या जुन्या ड्युरांटाचं काय केलं, हे तुम्ही विचारालच. उपटलं नाही. आधी कापून छळलं आणि आता नको झालं म्हणून मुळासकट काढायचं, हे मनाला पटेना. कापणं तेवढं थांबवलं. फाटकाशी येणाऱ्या फांद्या काढतो आणि नातू येतो तेव्हा खाली पडलेली फळं वेचून टाकतो. बाकी ते डोक्याएवढं झालं आहे. पुढच्या वर्षी त्याला जांभळ्या फुलांचे लोंबते घोस आले, त्यांवर फुलपाखरं आली. दहा वर्षं दारात असलेल्या झाडाचं फूल कसं असतं, हे मला माहीत नव्हतं. फुलायच्या आधीच कापत होतो.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी वहीत लिहून नेणार आहे: हिरवळीच्या जागी बारीक मुरूम आणि फरशीची वाट, दोन्ही बाजूंना बुटकी तगर, कोपऱ्यांत कुंती, मागे अडुळसा आणि करवंद. खर्चाचे दोन्ही अंदाज शेजारी शेजारी मांडले आहेत, कारण भावनेपेक्षा आकडे आपल्या समितीला लवकर पटतात. हरले तरी वाईट वाटणार नाही. पण अनुमोदना मात्र देणार नाही. हात वर करायची वेळ आली की माझा हात खालीच राहील.

तुमच्याही मंदिरात, कॉलनीत, मुलांच्या नव्या बंगल्यात हाच विषय निघणार आहे. भांडू नका, वाद घालू नका. माताजींनी मला विचारलेला प्रश्न तेवढा विचारा: कापायचं कारण काय?

माझं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.